दोन मिनिटांची स्तब्धता : आदर कोणाचा, अधीरता कोणाची?



शोकसभेच्या अखेरीस अध्यक्ष उभे राहतात आणि "आता आपण सर्वजण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहू या" असे सांगतात. हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ही रीत कोठून आली, ती कोणासाठी सुरू झाली आणि ती पाळताना आपल्या मनात काय चाललेले असते, हे प्रश्न आपण स्वतःला विचारीतच नाही. जी गोष्ट विचार न करता केली जाते ती रूढी होते, आणि रूढी माणसाचे काय करते हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. म्हणून या पाठात आपण ह्या दोन मिनिटांचाच अभ्यास करू. विषय युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा आहे, कारण ही रीत आज आपण पाळतो त्या रूपात त्यांच्यासाठीच रूढ झाली.

१. प्रथेचा उगम

ही प्रथा कोणत्याही धर्मग्रंथातून आलेली नाही. पहिले महायुद्ध चालू असताना दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन शहरात ती आकारास आली. तेथे सिग्नल हिल या टेकडीवरून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडत असे. शहराचे महापौर सर हॅरी हँड्स यांचा मुलगा एप्रिल १९१८ मध्ये युद्धात मरण पावला. त्यानंतर १४ मे १९१८ पासून बाराची तोफ झाली की सर्व शहराने जागच्या जागी थांबावे, असे ठरले. ट्रामगाड्या थांबल्या, माणसे टोप्या काढून उभी राहिली. पहिल्या दिवशी ही स्तब्धता तीन मिनिटांची होती. इतका वेळ लोकांना जड जातो असे दिसल्यावरून दुसऱ्या दिवसापासून ती दोन मिनिटांची करण्यात आली. म्हणजे अधीरतेचा प्रश्न या प्रथेबरोबरच जन्मला, असे म्हणावे लागते.

युद्ध संपले ते ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता. पुढच्या वर्षी, ८ मे १९१९ रोजी, एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकाराचे एक पत्र लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज' मध्ये छापून आले. त्यात त्याने पाच मिनिटांच्या मौनाची सूचना केली होती. पुढे नोव्हेंबरमध्ये सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी केप टाऊनची रीत ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे मांडविली. त्यांचाही मुलगा युद्धात गेला होता. राजा पंचम जॉर्ज यांनी ७ नोव्हेंबर १९१९ रोजी आवाहन केले, आणि ११ नोव्हेंबरला अकराच्या ठोक्याला साऱ्या साम्राज्यात दोन मिनिटांची स्तब्धता पाळली गेली.

लंडनमध्ये यासाठी जे स्मारक उभे राहिले त्याचे नाव सेनोटाफ, म्हणजे रिकामी समाधी. वास्तुशिल्पकार एडविन लट्यन्स यांनी ते प्रथम लाकूड व प्लास्टर यांचे केले होते. दगडी स्मारकाचे अनावरण ११ नोव्हेंबर १९२० रोजी झाले. त्यावर क्रूस नाही वा अन्य धर्मचिन्ह नाही. मेलेल्यांत सर्व धर्मांचे लोक होते, म्हणून कोणत्याही एका धर्माची प्रार्थना सर्वांना लागू पडणार नव्हती. मौन मात्र सर्वांना सामावून घेऊ शकते. या प्रथेचे मोठे बळ येथेच आहे.

२. अधीरतेचे तीन प्रकार

स्तब्धता मोडणाऱ्या माणसाला आपण एकदम 'असभ्य' म्हणून मोकळे होतो. परंतु अधीरता एकाच प्रकारची नसते. तिचे कारण पाहिल्याशिवाय निवाडा करणे बरोबर नाही. ब्रिटनच्या शंभर वर्षांच्या अनुभवात तिचे तीन प्रकार स्पष्ट दिसतात.

(अ) चंचल मनाची अधीरता. हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. घसा खाकरणे, घड्याळाकडे पाहणे, शेजाऱ्याला कोपराने ढोसणे, आणि अलीकडे खिशातला मोबाईल वाजणे. ब्रिटनमध्ये फुटबॉलच्या मैदानांवर मौन चालू असता समोरच्या संघाचे प्रेक्षक आरडाओरड करीत, म्हणून कित्येक प्रसंगी मृतांच्या स्मरणार्थ मौनाऐवजी एक मिनिट टाळ्या वाजविण्याची पद्धत सुरू करावी लागली. हजारो लोकांना साठ सेकंद गप्प ठेवण्यापेक्षा साठ सेकंद आवाज करावयास लावणे सोपे, असा त्याचा अर्थ होतो.

(ब) उपाशी पोटाची अधीरता. ज्यांनी युद्ध लढले ते सैनिक परत आले तेव्हा त्यांना काम नव्हते. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी लिव्हरपूल शहरात बेकारांनी स्तब्धतेच्या वेळीच घोषणा देऊन ती मोडली. त्याच सुमारास लंडनमध्ये बेकार माजी सैनिक सेनोटाफवरून मिरवणुकीने गेले तेव्हा त्यांनी छातीवरील पदकांच्या शेजारी सावकाराकडे वस्तू गहाण ठेवल्याच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. मेलेल्या सोबत्यांविषयी ह्या माणसांना आदर नव्हता असे कोण म्हणेल? त्या सोबत्यांना ओळखणारे खरे लोक तेच होते. मेलेल्यांसाठी दोन मिनिटे आहेत, जगलेल्यांसाठी भाकरी नाही, हे त्यांना सहन झाले नाही.

१९३७ साली असाच आणखी एक प्रसंग घडला. सेनोटाफपाशी राजासमोर स्तब्धता चालू असताना एक माजी सैनिक गर्दी फोडून पुढे धावला. हे सगळे ढोंग आहे, तुम्ही पुन्हा युद्धाची तयारी करीत आहात, अशा आशयाचे तो ओरडला. पोलिसांनी त्यास धरले. तो मनोरुग्णालयातून निसटून आलेला होता, असे प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ११ नोव्हेंबरची ती स्तब्धताही स्थगित झाली. वेडा ठरलेला माणूस खरे बोलला होता.

मतभेद दाखविण्याचा दुसरा मार्गही त्याच देशात निघाला. स्मरणदिनी लोक छातीवर तांबडे पॉपीचे फूल लावतात. १९३३ पासून तेथील महिला सहकारी गिल्डच्या सभासदांनी पांढरी फुले लावावयास आरंभ केला. पुन्हा युद्ध नको, हे त्यांचे म्हणणे होते. ते त्यांनी मौन न मोडता मांडले. त्यासाठीही त्यांना टीका सोसावी लागली, हे विसरता कामा नये.

(क) दुसऱ्याच्या आदराविषयीची अधीरता. हा प्रकार सर्वांत फसवा आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये पॅलेस्टाईनच्या बाजूने मोठा मोर्चा निघावयाचा होता. तो दुपारनंतर होता आणि त्याचा मार्ग सेनोटाफपासून दूर ठेवलेला होता. तरी स्मारकाचे रक्षण करावयास आलो आहोत असे सांगणारे काही गट सकाळीच तेथे जमले आणि स्तब्धतेला थोडाच अवधी असताना त्यांनीच पोलिसांशी झटापट केली. दुसरा कोणी अनादर करील या शंकेने जो स्वतःच दंगा करतो, त्याचे लक्ष मृतांवर नसते. ते शेजाऱ्याच्या मानेवर असते : ती पुरेशी खाली झुकली आहे की नाही!

ह्या तिन्ही प्रकारांना एकच औषध चालणार नाही. पहिल्याला शिस्त आणि सवय लावली पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तिसऱ्याने प्रथम स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पहिल्याकडे कानाडोळा केला जातो, दुसऱ्याला हाकलले जाते आणि तिसऱ्याला देशभक्त म्हणून हार घातला जातो.

३. ज्यांची नावेच उच्चारली गेली नाहीत

आता एक अवघड प्रश्न घेऊ. स्तब्धता कोणासाठी होती?

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार पाठविली गेली आणि त्या युद्धात सुमारे ७४,००० हिंदी सैनिक मृत्यू पावले. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटचा पाया १० फेब्रुवारी १९२१ रोजी घातला गेला आणि १९३१ साली त्याचे उद्घाटन झाले. तेही सेनोटाफ बांधणाऱ्या लट्यन्स यांचेच काम होय. त्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत.

परंतु सर्वत्र असे झाले नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदी सैनिक फार मोठ्या संख्येने मेले. तेथील बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या लिहिली गेली. युद्धमृतांच्या कबरी व स्मारके यांची व्यवस्था पाहणारा आयोग १९१७ साली स्थापन झाला होता. पद, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येकाचे स्मरण सारखे करावयाचे, हे त्याचे तत्त्व होते. एप्रिल २०२१ मध्ये ह्याच आयोगाने आपल्या इतिहासाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, असे त्यात मान्य केले आहे. हे मृत प्रामुख्याने हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन होते. याखेरीज किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांचे नावाने किंवा मुळीच स्मरण झाले नाही, असेही त्यात म्हटले आहे. आयोगाने याबद्दल क्षमा मागितली.

म्हणजे दरवर्षी अकराच्या ठोक्याला सारे साम्राज्य स्तब्ध उभे राहत होते, आणि त्या स्तब्धतेत लाखो माणसांसाठी नावाची एक ओळही नव्हती. आदराने पाळलेले मौन आणि नाव न घेण्याचे मौन बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोहोंतही आवाज नसतो. त्यांतील फरक ओळखणे हे ह्या पाठाचे मुख्य प्रयोजन आहे.

४. आपला संबंध

हा इतिहास दूर देशाचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. महार सैनिकांची लष्करभरती १८९० च्या दशकात बंद करण्यात आली होती. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज सरली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. लिव्हरपूलचे बेकार सैनिक रस्त्यावर आले ते ह्याच वर्षी, आणि इंडिया गेटचा पाया घातला गेला तोही ह्याच वर्षी. इकडे मेलेल्यांसाठी दगड रचला जात होता आणि तिकडे जिवंत सैनिकाच्या अंगावरचा गणवेश उतरविला जात होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही भारतीय सेनेत आहे.

कोरेगाव भीमा येथील स्तंभ आपण सर्वजण जाणतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे त्यावर आहेत आणि 'नाक' हा प्रत्यय असलेली २२ महार सैनिकांची नावे त्यांत वाचता येतात. पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. तो स्तंभ आपल्याला काही सांगू शकला, कारण त्यावर नावे होती. बसऱ्याप्रमाणे नुसता आकडा असता, तर कोणाचा कोण हे शंभर वर्षांनी कोणी ओळखले असते?

आज १ जानेवारीला तेथे लाखो लोक मानवंदना देण्यासाठी जातात. तासन्‌तास रांगेत उभे राहतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण स्तंभापाशी पोहोचल्यावर किती जण ती नावे वाचतात, आणि किती जण स्तंभाकडे पाठ करून छायाचित्र काढून निघून जातात, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. इतरांच्या अनादरावर बोट ठेवण्याचा अधिकार त्यानंतरचा.

५. धम्माच्या दृष्टीने

मौनाविषयी दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात एक बोधप्रद प्रसंग आहे. पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात भगवंतांच्या भेटीस निघाला. तेथे साडेबाराशे भिक्खू होते. तरी शिंक नाही, खोकला नाही, कसलाच आवाज नाही! राजाच्या अंगावर काटा आला. जीवकाने आपल्याला शत्रूच्या हाती तर दिले नाही ना, अशी शंका त्याने बोलून दाखविली. जीवकाने त्याला धीर दिला आणि मंडपातील दिवे दाखविले. सरोवराप्रमाणे शांत बसलेला संघ पाहिल्यावर त्याच राजाला वाटले की, आपल्या मुलालाही अशी शांती लाभावी.

अजातशत्रूने राज्यासाठी स्वतःच्या पित्याचा वध केला होता. ज्याच्या मनावर असे ओझे आहे त्याला शांतता भयंकर वाटते. आपण स्तब्ध उभे राहतो तेव्हा चुळबूळ का करतो, याचे एक कारण येथे सापडते. बाहेरचा आवाज थांबला की आतला ऐकू येऊ लागतो. चित्ताच्या पाच नीवरणांत भगवंतांनी 'उद्धच्च-कुक्कुच्च', म्हणजे चंचलता व टोचणी, यांना एकत्र ठेवले आहे, ते उगीच नव्हे.

दुसरे उदाहरण सम्राट अशोकाचे. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख बंदी करून नेली गेली, हे त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवले आणि त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. विजयी राजाने पराभूतांचे मृत मोजावेत आणि त्याचे दुःख जगाला सांगावे, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी आहेत. अशोकाचे स्मरण क्षणापुरते नव्हते. त्याने त्याच्या राज्यकारभाराला वळण दिले. १९३७ साली ओरडणाऱ्या त्या सैनिकाची मागणी तरी याहून वेगळी काय होती? दोन मिनिटांनंतर काय करणार, हेच तो विचारीत होता.

६. आचरणासाठी काही सूचना

मी शाळेत शिकवितो. दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता देशभर हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. त्या वेळी मुले हसतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. छडी दाखविली तर हसणे थांबते, पण डोळे छडीवर राहतात. अनुभवाने असे आढळले की, आधी पाच मिनिटे एका माणसाविषयी सांगितले, त्याचे नाव, गाव, वय, घरी मागे कोण राहिले हे सांगितले, तर चौथीचा वर्गसुद्धा दोन मिनिटे शांत राहतो. रिकाम्या मौनात मूल टिकत नाही. मोठी माणसेही टिकत नाहीत. मनात एखादे नाव असले म्हणजे दोन मिनिटे पुरत नाहीत.

यावरून पुढील गोष्टी आपल्या सभांत व विहारांत करता येतील.

(१) स्तब्धतेपूर्वी ती कोणासाठी आहे हे नावानिशी सांगावे. 'सर्व ज्ञात-अज्ञात' एवढे म्हणून भागवू नये.

(२) वेळ प्रामाणिकपणे पाळावा. दोन मिनिटे म्हणून वीस सेकंदांत 'बसा' म्हणणे हा मृतांचा आणि जिवंतांचाही अवमान आहे. दोन मिनिटे साधत नसतील तर एकच मिनिट जाहीर करावे.

(३) मूल रडले, वृद्धाला उभे राहवले नाही, कोणाला हुंदका आवरला नाही, तर त्याकडे रागाने पाहू नये. महापरिनिर्वाणाच्या आधी आनंद दाराला टेकून रडत होता. भगवंतांनी त्याला जवळ बोलावले आणि त्याच्या सेवेची प्रशंसा केली.

(४) कोणी स्तब्धतेत सामील झाला नाही तर त्याला कारण विचारावे, आणि तेही स्तब्धता संपल्यावर. कारण ऐकण्यापूर्वी त्याला शत्रू ठरवू नये.

(५) सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील काही गावांत चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आढळते. या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यावर लिहिलेले असते. नाव एकही नसते. आपल्या गावी अशी पाटी असेल तर वृद्धांना विचारून, जुनी कागदपत्रे व पेन्शनची पुस्तके पाहून ती नावे शोधावीत. कोणत्या वाड्यातला, कोणत्या वाडीतला आणि कोणत्या वस्तीतला माणूस गेला होता, हे लिहून काढावे. ज्याला जिवंतपणी पाणवठ्यावर येऊ दिले नाही, तोही त्या आकड्यात मोजलेला असेल. त्याला आकड्यातून बाहेर काढणे ही त्याची खरी आदरांजली होय.

बंधूंनो, दोन मिनिटे गप्प राहणे कठीण नाही. त्या दोन मिनिटांत कोणाचे तरी नाव मनात असणे, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्या मागे राहिलेल्यांसाठी हात हलविणे, हे कठीण आहे. आपल्या मौनाची परीक्षा त्या तिसऱ्या मिनिटाला होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. लिव्हरपूलच्या बेकार सैनिकांनी मृतांचा अनादर केला असे तुम्हाला वाटते काय? कारणे द्या.

२. आदराचे मौन आणि विस्मृतीचे मौन यांतील फरक आपल्या गावातील उदाहरणाने स्पष्ट करा.

३. अजातशत्रूला शांततेचे भय का वाटले? आपल्याला स्तब्ध उभे असताना काय वाटते?

४. आपल्या गावातून सैन्यात गेलेल्या व परत न आलेल्या एका माणसाचे नाव शोधा आणि पुढील सभेत त्याची माहिती सांगा.